सरांसाठी स्वतंत्र पान

६ जानेवारी, सोमवार

आजपासून शिकवणं बंद. शिकणं सुरू.

हे वाक्य वर्गात उच्चारलं तेव्हा शेवटच्या बाकावरच्यांनीही माना वर केल्या. एम.ए.च्या प्रादेशिक इतिहासाच्या पेपरला यंदा विकी वापरणार. विकी म्हणजे अशी वेबसाइट, जिच्यावर वर्गातला कोणीही लिहील आणि कोणीही कोणाचंही लिहिणं सुधारील. एक पान, अनेक हात. ज्ञान ही कोणाच्या बापाची जहागीर नाही, हे मी आयुष्यभर व्यासपीठांवरून सांगत आलो. आता ते कॉम्प्युटरवर उतरणार.

विषय मीच निवडला. मौदा. नागपूरजवळचं तालुक्याचं गाव, बाजूला मोठा वीज प्रकल्प, आणि माझी सासुरवाडी. म्हणजे माहिती घरातच.

वर्गातलं कॉम्प्युटरचं सगळं विहंग बघतो. त्याने विचारलं, सर, म्हणजे आम्ही तुमचं लिहिलेलं बी बदलू शकतो का जी? मी म्हणालो, गुरूचं वाक्य खोडण्याची ज्याची हिंमत नाही तो विद्यार्थी नव्हे, भाट आहे! टाळ्या. घंटा वाजून गेल्यावरही मुलं बसून होती. मी दारात उभा राहून बोलत होतो, हे त्याचं कारण नसावं.

संकल्प : या सत्रात मी कमीत कमी बोलेन.

८ जानेवारी, बुधवार

विकीचं उद्घाटन. लॅपटॉपला लाल फीत बांधली होती, त्यामुळे तो आधी उघडेना. प्राचार्य वामनरावांनी फीत कापली, चार्जरची वायर थोडक्यात वाचली. मग त्यांनी जाहीर केलं की एक मार्चला आपल्या कॉलेजात राज्यस्तरीय चर्चासत्र आहे, विषय 'उच्च शिक्षणातील सहयोगी अध्ययन', आणि बीजभाषण प्राध्यापक धम्मानंद गजभिये यांचं. पडद्यावर हाच विकी दाखवायचा.

बीजभाषण! आजवर प्रत्येक चर्चासत्रात माझी बोळवण समारोपावर झाली. समारोपाला निम्मं सभागृह बस पकडायला गेलेलं असतं. उरलेलं निम्मं प्रमाणपत्रासाठी बसलेलं असतं. आता सकाळची वेळ, ताजी माणसं, भरलेल्या खुर्च्या. माझ्या आयुष्यातला न्याय एक मार्चला होणार आहे.

९ जानेवारी, गुरुवार

सुरुवात कोणीतरी करायला हवी, म्हणून मौद्याच्या पानावर नमुन्यादाखल एक परिच्छेद लिहिला. तो जरा वाढला. छापला तर अकरा पानं होतील. पहिलंच वाक्य असं : 'वैनगंगेच्या तीरावर, इतिहासाच्या राखेतून आणि भविष्याच्या विजेतून घडलेलं हे गाव म्हणजे शोषितांच्या स्वप्नांचं महाद्वार आहे.'

प्रेमिलाला वाचून दाखवलं. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. म्हणाली, छान आहे, पण... मी म्हणालो, पण नंतर, आधी सगळं ऐक. सगळं ऐकेपर्यंत शेंगा संपल्या, ती उठून गेली. 'पण' राहून गेलं. महत्त्वाचं नसणार.

१४ जानेवारी, मंगळवार

कोणीही काही लिहिलेलं नाही. तिळगूळ खायला सगळे आले, लिहायला एकही नाही.

सोनिकाला विचारलं. ही मुलगी मौद्याच्या बाजूचीच, रोज बसने येते, बोलायला कमी. ती म्हणाली, सर, पान तर भरलंच आहे जी. आम्ही कुठं लिहावं? मी म्हणालो, खाली लिहा, खाली अथांग जागा आहे.

१५ जानेवारी, बुधवार

लिहिलं. प्रत्येकाने खाली एकेक ओळ लिहिली. 'अतिशय ओजस्वी लेखन, सर.' 'सर, अंगावर काटा आला.' पियुषने तर हात जोडलेली तीन चित्रं टाकली.

हे सहयोगी अध्ययन नव्हे. ही भाटगिरी आहे. वर्गात कडक शब्दांत समज द्यायला हवी. उद्या देतो. आज ओळी पुन्हा एकदा वाचून काढल्या.

१७ जानेवारी, शुक्रवार

समज द्यायची राहिली. पण कोंडी फुटली! सोनिकाने लिहिलं. 'प्रकल्पाच्या कामावर जाणारी पोरं सकाळी चौकात उभी राहतात. गाडी आली की आधी डबे आत जातात, मग पोरं. डबा आत गेला म्हणजे जागा धरली.'

माहिती ठीक, पण आग कुठे आहे? मी थोडी सुधारणा केली : 'पहाटेच्या गर्भातून श्रमिकांचे जथे चौकाचौकांत उसळतात, त्यांच्या डब्यांत भाकर नसते, भविष्य असतं.' सुधारणा हाच तर विकीचा आत्मा. सोनिका पाहून म्हणाली, सर, डब्यात भाकरच असते जी. माझा भाऊ रोज डबा नेते. मुलांना रूपक समजावून सांगण्यात अर्धा तास गेला.

बाकीच्यांचंही सुधारलं. सोमवारपर्यंत कोणाचंच वाक्य मूळ अवस्थेत राहणार नाही, अशी गती आहे.

२२ जानेवारी, बुधवार

माझ्या पहिल्या वाक्यातली वैनगंगा कोणीतरी काढली आणि कन्हान घातली. विहंग निघाला. म्हणाला, सर, मौद्याजवळून कन्हान जाते. मी म्हणालो, आणि कन्हान कुठे जाते? शेवटी वैनगंगेलाच मिळते ना? मी इतिहासाकडे दूरवर पाहून लिहितो. तू पुलावरून पाहतोस.

वैनगंगा परत घातली. त्याने कन्हान घातली. मी वैनगंगा. मग मी पानाला लॉक लावलं. माझ्याशिवाय कोणीही बदल करू शकणार नाही. लोकशाहीत अराजक माजलं की तात्पुरते उपाय करावे लागतात. तात्पुरतेच.

संध्याकाळी प्रेमिलाला ही उद्दामपणाची हकिगत सांगितली. ती म्हणाली, कन्हानच आहे, मी तेव्हाच सांगून राहिली होती. म्हणजे 'पण' ते होतं. आधी सांगायला काय झालं होतं, असं विचारलं. तिने शेंगांची टोपली पुढे ओढली.

२६ जानेवारी, रविवार

कॉलेजात ध्वजवंदन. अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर बोललो. घसा तापला होता, शब्द चालून येत होते. 'ज्या घराच्या दाराला कुलूप आहे त्या घरात विचार गुदमरतो,' या वाक्याला प्रचंड टाळ्या. सगळ्यात जास्त विहंग आणि सोनिकाने वाजवल्या, एकमेकांकडे पाहून. मुलं परतली माझ्याकडे.

लॉक काढायचं राहिलं. भाषणाच्या तयारीत वेळ मिळाला नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

लॉक काढलं. कोणी फिरकत नाही. मीच एकटा मधूनमधून एखादं विशेषण बदलतो.

मात्र वर्गात चैतन्य आहे. कँटीनमध्ये पूर्ण वर्ग एका लॅपटॉपभोवती जमलेला असतो. भांडतात काय, हसतात काय. पियुष ओरडत होता, अबे, असं नोको लिहू, तिची काकू वाचन तर मारन आपल्याले! मी जवळ गेलो तसा लॅपटॉप मिटला. चहा मागवला माझ्यासाठी. माझा वाढदिवस या महिन्यात येतो. मी काही पाहिलंच नाही असं दाखवून निघून आलो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

वाढदिवस झाला. वर्गाने पेन दिलं. म्हणजे लॅपटॉपमध्ये वाढदिवस नव्हता.

घरी प्रेमिलाचा फोन सतत व्यस्त. कोण, विचारलं तर सोनिका. काय बोलता इतकं? काही नाही, मौद्याचं आपलं. आज ऐकू आलं, ती फोनवर सांगत होती, नाही वं, तो तर नंतर आला, आधी तिथं चक्कीच होती, तुह्या आजीले विचार. माझ्या बायकोत आणि माझ्या विद्यार्थिनीत जिव्हाळा निर्माण व्हावा, ही माझ्याच व्यक्तिमत्त्वाची सावली आहे. चक्कीत मला रस नाही.

संकल्प : बीजभाषणाचा मसुदा पूर्ण करणे. तासभराचं भाषण चाळीस मिनिटांवर आणणे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मी हललो आहे.

विकीवर नवं पान आलं आहे. नाव : 'सरांचे विचार'. त्यावर मी मौद्याबद्दल लिहिलेलं सगळं, अक्षर न् अक्षर. एक स्वल्पविरामही इकडचा तिकडे नाही. वर माझा फोटो, प्रजासत्ताक दिनाचा, मूठ उगारलेला. पियुषने फोटोला झेंडूचा हारही जोडला आहे कॉम्प्युटरवर.

आदर उरला नाही म्हणून या पिढीला नावं ठेवणारे कुठे आहेत आता? मी रामदासपेठेतल्या दुकानातून रंगीत प्रिंट काढून आणली. प्रेमिलाला दाखवली. ती पाहून आधी हसली, मग फोन लावला. अवं सोनिका, फोटोले हार काहून घातला वं? जिवंत आहेत ना ते अजून!

हार काढला गेला. मला तो वाईट दिसत नव्हता.

एक बारीक शंका. सगळं इथे आलं, तर मूळ मौद्याच्या पानावर काय उरलं? विहंगला विचारलं. म्हणाला, सर, तिकडं काम चालू आहे, कचरा पडलेला आहे सगळा, तुम्ही नका पाहू, एक तारखेपर्यंत साफ होते. मी पाहिलं नाही. माझा विश्वास आहे.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्या. कुर्ता इस्त्री. घशासाठी ज्येष्ठमध. प्रेमिला म्हणाली, मी बी येते. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ती माझं भाषण ऐकायला स्वतःहून येते आहे. उद्याच्या मसुद्यात तिच्यासाठी एक वाक्य घातलं, जे मी नेहमी म्हणतो : 'मी एका खेड्यातल्या मुलीला पुस्तकाच्या उंबरठ्यापर्यंत आणलं.' लग्नाआधी ती बी.ए. होती, हे खरं. पण पदवी वेगळी, दृष्टी वेगळी.

१ मार्च, शनिवार

लिहावंसं वाटत नाही. पण साक्ष ठेवली पाहिजे.

सभागृह भरलेलं. अध्यक्षस्थानी बाहेरून आलेल्या प्राध्यापिका, नंदिनीताई. मी पंचवीस मिनिटं बोललो, उत्तम बोललो, प्रेमिलाचं वाक्यही घेतलं. मग हात पसरून म्हणालो, हे पाहा सामूहिक ज्ञान! विहंगने मौद्याचं पान पडद्यावर आणलं.

पहिलं वाक्य : 'मौदा कन्हान नदीजवळ आहे.' संपलं. एवढंच वाक्य.

पुढे माझा एक शब्द नाही. चौकातले डबे होते, डब्यांत भाकर होती. चक्की होती. कोणत्या घरी पहिला टीव्ही आला आणि खिडकीत किती पोरं मावायची. मतभेद जिथे होते तिथे दोन्ही बाजू लिहिल्या होत्या. मी बोलत राहिलो. नंदिनीताईंनी हात वर केला. म्हणाल्या, सर, एक मिनिट थांबता का? वाचू द्या.

मला. बीजभाषणात.

सभागृह वाचत होतं. 'एसटीतलं कॉलेज' या मथळ्यापाशी आल्यावर नंदिनीताईंनी मोठ्याने वाचायला घेतलं. मौद्याहून चार मुली रोज नागपूरला बी.ए.ला यायच्या. चौघींत पुस्तक एक. एसटीत ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर एकीने वाचायचं. दुसरीने ते पुस्तक न पाहता सांगायचं. तिसरीने चुका काढायच्या. चौथीने कंडक्टरशी बोलायचं, कारण तो सारखा विचारायचा, काय लावलं वं पोरींनो? नागपूरच्या वेशीवरचा पारडीचा नाका आला की कामं बदलायची. 'असं करून एका पुस्तकावर चौघी पास झालो. कंडक्टरलेही अर्धं राज्यशास्त्र पाठ झालं होतं.'

सभागृह हसलं, मग टाळ्या वाजल्या. माझ्या टाळ्या मला ओळखू येतात. त्या अशा नसतात. या थांबत नव्हत्या.

नंदिनीताई म्हणाल्या, आपण आज जे शोधायला जमलो ते या बाकावर होतं. कोणी लिहिलं हे? सोनिका उभी राहिली. म्हणाली, मॅडम, आमच्या काकूनं. सरांच्या मिसेस. त्या बसल्या ना तिसऱ्या रांगेत.

प्रेमिलाला मंचावर बोलावलं. तिला माइक दिला. ती म्हणाली, मले बोलता येत नाही, यांनाच येते. आणि पुन्हा टाळ्या. मग प्राचार्यांनी पूर्ण वर्गाला मंचावर घेतलं. जागा कमी पडली म्हणून माझी खुर्ची खाली ठेवली. भाषणातली उरलेली पंधरा मिनिटं माझ्याजवळच राहिली.

२ मार्च, रविवार

विश्वासघात. दुसरा शब्द नाही.

इतिहासात मोठ्या माणसांना शत्रूंनी पाडलं नाही, जवळच्यांनी पाडलं. मला विहंगने फसवलं, त्याला मी विकी दिला. सोनिकाने फसवलं, तिला मी रूपक दिलं. पियुषने हार घातला. आणि माझ्या घरात, माझ्या लॅपटॉपवर, माझ्या वायफायवर, माझी पत्नी महिनाभर लिहीत होती आणि मला वाटत होतं, फोनवर चक्कीच्या गप्पा चालल्यात. चक्कीबद्दलही तीच लिहीत होती, हे वेगळं.

निर्णय : घरात पूर्ण मौन. शब्दांच्या माणसाचं मौन हे सगळ्यात मोठं भाषण असतं.

सायंकाळी : तिने विचारलं, घसा बसला का? हळदीचं दूध देऊ? मौन सोडलं नाही. दूध घेतलं.

४ मार्च, मंगळवार

वर्गाला जाब विचारला. पाऊण तास. मी म्हणालो, माझ्या विचारांची कत्तल करताना तुमचे हात थरथरले नाहीत?

मग सोनिका उभी राहिली. म्हणाली, सर, खोडलं कुठं जी? तुमी म्हणाले होते खोडा म्हणून, पण नाही झाली हिंमत आमची. सरांचं वाक्य कसं खोडावं? म्हणून सगळं उचलून बाजूले ठेवलं, नीट, फोटोसकट. घरी आजोबाची तसबीर नाही का ठेवत, वर, भिंतीवर? धक्का लागू नये म्हणून.

मी म्हणालो, तसबिरीखाली घर चालू राहतं! हे मी आरोप म्हणून म्हणालो होतो. विहंग म्हणाला, हो ना सर. बस, तेच.

पियुष म्हणाला, सर, तुमच्या पानाले रोज एक जण वाचते. मी विचारलं, कोण? तो वहीत पाहू लागला. मलाही आठवलं.

१० मार्च, सोमवार

प्राचार्यांचं पत्र. पुढच्या वर्षी सगळ्या विभागांत विकी. मार्गदर्शन शिबिर घ्यायला सौ. प्रेमिला गजभिये यांना विनंती. शिबिराचा समारोप : मी.

ती म्हणाली, नको असन तर नाही म्हणते मी. इतक्या सहज म्हणाली की माझ्याकडून 'जा' निघून गेलं. मौन असं तुटलं.

१६ मार्च, रविवार

दुपार. लढा संपलेला नाही. सत्याला नाव लागत नाही, टोपणनाव चालतं. 'सत्यान्वेषी' या नावाने विकीवर खातं उघडलं. मौद्याच्या पानावर गेलो, आणि पहिल्या ओळीच्या जागी माझी ओळ परत बसवली. महाद्वारासकट. औदार्य म्हणून नदी कन्हान ठेवली.

चहाला उकळी येईपर्यंत ओळ गेली. खाली निरोप : 'नवीन आहात, स्वागत आहे. इथं भाषण नको, माहिती लिहा. राग मानू नका. – प्रेमिला.'

प्रेमिला हॉलमध्ये होती. थोड्या वेळाने चहा घेऊन आली. म्हणाली, आज एक नवा माणूस आला विकीवर. बिचारा, एकदम भाषणच देऊन राहिला. मी म्हणालो, असतील काही तळमळीचे लोक. ती म्हणाली, असन. मी त्याले प्रेमानंच सांगितलं. मग सहज विचारतो असं दाखवून विचारलं की अशा माणसाने लिहावं तरी काय. ती म्हणाली, मौद्याचं त्याले स्वतःले जे माहीत असन ते एक वाक्य. दुसऱ्याचं नाही, पुस्तकातलं नाही. दारातून म्हणाली, अन् सांगा त्याले, चहा थंडा होऊन राहिला.

तिला काही कळलेलं नाही.

लिहायला बसलो. मौद्याला मी सत्तावीस वर्षं जातो आहे. जावई म्हणून जातो, जेवतो, ओसरीवर बोलतो, लोक ऐकतात, परत येतो. एक वाक्य. पुष्कळ विचार करून, एकही विशेषण न वापरता लिहिलं : 'मौद्याला जेवण चांगलं मिळतं.'

ओळ काढली गेली नाही. टिकली! खाली फक्त एक प्रश्न आला : 'कोणाच्या हातचं? रांधणाऱ्या बाईचं नाव लिहा. – प्रेमिला.'

सासूबाईंचं नाव.

मी त्यांना कायम मामी म्हणत आलो. गावात त्यांना रामाजींच्या घरच्या म्हणतात. आमच्या लग्नपत्रिकेवर 'श्री. व सौ. रामाजी' असं छापलं होतं. मला ती पत्रिका स्पष्ट आठवते, कारण मजकूर मीच लिहिला होता.

हॉलमध्ये जाऊन विचारायला हवं. टीव्ही बंद झाला की विचारतो.

टीव्ही लावलेला नाही.